पॉवर टिलर हाताळताना घ्यावयाची काळजी



पहिला पाऊस पडून जमीन भिजली, की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतल्या मळ्यांत पॉवर टिलरचा आवाज ऐकू येऊ लागतो. सरदीचे शेत असो की पाटाच्या पाण्यावरचे वायंगण, आपल्या लहान लहान कोंडांत मोठा ट्रॅक्टर फिरू शकत नाही, आणि बैलजोडी पोसणारी घरे आता थोडी उरली आहेत. त्यामुळे टिलर आपल्या शेतीचा आधार झाला आहे. १९६०च्या दशकात हे यंत्र जपानहून भारतात आले. पुढे बंगळूरची व्हीएसटी आणि १९७३ साली स्थापन झालेली केरळची कॅमको या कंपन्यांनी ते येथेच तयार करण्यास सुरुवात केली.

टिलर दिसायला लहान असल्यामुळे त्याची भीती वाटत नाही, आणि धोका नेमका तेथेच आहे. रोटरीसह त्याचे वजन ४०० किलोच्या आसपास भरते. लहान यंत्रेही माणसाला कशी फसवतात, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. शेतावर व रानात फिरण्यासाठी तेथे मोटारसायकलसारखी स्वार होऊन चालवायची तीन चाकी गाडी निघाली होती. तिचे इतके अपघात झाले, की १९८८ साली सरकारशी झालेल्या समझोत्यानुसार कंपन्यांना तिची नवी विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे ती गाडी नाही. परंतु तोल, उतार आणि घाई यांच्याविषयीचा धडा आपल्या टिलरलाही लागू पडतो.

सुरू करण्यापूर्वी

सकाळी यंत्र थंड असताना दहा मिनिटे तपासणीला द्यावीत. टिलर सपाट जागी ठेवून डिपस्टिकने ऑईल पाहावे. रेडिएटरमधील पाणी व टाकीतील डिझेल पाहावे. व्ही-बेल्टचा ताण, चाकांचे नट, रोटरीच्या पात्यांचे बोल्ट पान्ह्याने तपासावेत. रोटरीवरचा पत्रा काढून ठेवण्याची सवय काहींना असते, ती अत्यंत वाईट. हँडलखालचे दोन्ही बाजूंचे क्लच दाबून पाहावेत आणि सोडल्यावर ते पूर्ण मागे येतात याची खात्री करावी. गरम इंजिनात डिझेल ओतू नये, आणि डिझेल भरताना विडी पेटवू नये.

चालकाने अंगासरशी बसणारे कपडे घालावेत. लुंगी, लोंबता टॉवेल किंवा सैल बाह्या रोटरीत अडकल्या तर सोडवून घेण्यास वेळ मिळत नाही. पायांत गमबूट असावेत.

सुरू करताना

गिअर व रोटरी दोन्ही न्यूट्रलमध्ये आहेत का, हे हाताने हलवून पाहावे. मुख्य क्लचचा दांडा मागे ओढून ठेवावा. बहुतेक टिलरांत हा दांडा पूर्ण ओढला की ब्रेकही लागतो. यंत्रासमोर कोणी उभे नसावे, मुले तर नाहीतच.

हँडल मारून सुरू करण्याच्या टिलरवर पुष्कळांची मनगटे दुखावतात. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा उलट बाजूने आवळू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल बोटांतून सुटून जाते. अंगठा अडकलेला असेल तर हाड मोडते. पाय घट्ट रोवून, निसरड्या चिखलात उभे न राहता हँडल फिरवावे, आणि इंजिन सुरू होताच ते न विसरता बाहेर काढावे. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही.

उतारावर हँडल उलटे वागते

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. आपली घरे बहुधा डोंगराच्या कडेला, आणि शेते खाली सखलात. घरापासून शेतापर्यंतची वाट उताराची, जांभ्या दगडाची व पावसात निसरडी. पुष्कळजण टिलर सपाट शेतात शिकतात आणि मग या वाटेवर फसतात.

सपाट जमिनीवर डाव्या हँडलखालचा क्लच दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते, ते मागे राहते आणि टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र इंजिनच दोन्ही चाकांना मागे धरून असते. तेथे डावा क्लच दाबला तर डाव्या चाकाचा तो अडसर सुटतो, ते मोकळे पळते आणि टिलर उजवीकडे वळतो. चालक घाबरून क्लच आणखी दाबतो, आणि टिलर आणखी भलतीकडे जातो. वाटेच्या कडेला गडगा असेल तर निभावते. घळ असेल तर यंत्र माणसाला घेऊनच खाली जाते.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच थांबून सर्वांत लहान गिअर टाकावा. उतारावर गिअर बदलू नये, मुख्य क्लच सोडवू नये आणि बाजूचे क्लच वापरू नयेत. वळायचे असल्यास वेग अगदी कमी ठेवून हँडल अंगाच्या जोराने ढकलावे. नव्या चालकाला हे आधी लहानशा उतारावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली शिकवावे.

बांध, मागे घेणे आणि ट्रेलर

बांध ओलांडताना रोटरी बंद करावी, बांधाला सरळ सामोरे जावे, तिरके चढू नये. बांध उंच असेल तर मजबूत फळ्या टाकाव्यात. टिलर मागे घेताना हँडल एकदम वर उचलले जाते आणि चालक माड, काजू किंवा बांध यांच्यामध्ये चिरडला जाऊ शकतो. म्हणून आधी मागे वळून पाहावे, रोटरी थांबवावी व सावकाश मागे यावे. मागे घेताना रोटरी आपोआप बंद ठेवणारी सोय यंत्राला असल्यास ती काढून टाकू नये. पात्यांत गुंतलेले तण इंजिन पूर्ण बंद केल्यावरच काढावे.

ट्रेलर माल वाहण्यासाठी आहे. लावणीच्या बायका व मुले त्यावर बसवून नेऊ नयेत. संध्याकाळी रस्त्यावर येण्याची वेळ आली तर मागे लाल दिवा व चमकणाऱ्या पट्ट्या हव्यातच.

उभा करताना

सपाट, कोरड्या जागी उभा करावा. बांधाच्या कडेला किंवा उतारावर ठेवू नये. रोटरी खाली टेकवून, ब्रेक लावून, इंजिन बंद करून चाकांना दगड लावावेत. पेंढ्याच्या उडवीजवळ गरम सायलेन्सर नेऊ नये. हँडल किंवा चावी घरात आणून ठेवावी, म्हणजे मुले त्याच्याशी खेळणार नाहीत.

आरोग्याची बाजू

हँडलच्या हादऱ्याने हात बधिर होतात व आवाजाने कान बसतात. तासाभराने थोडी विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे. शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. जखम झाकावी व कामानंतर पाय साबणाने धुवावेत. ताप, पोटऱ्यांत वेदना, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसल्यास घरगुती औषधांवर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे, आणि आपण चिखलात काम केल्याचे त्यांना आवर्जून सांगावे. पात्याने जखम झाल्यास धनुर्वाताच्या इंजेक्शनविषयी विचारावे.

अपघात झालाच तर प्रथम इंजिन बंद करावे, मगच माणसाला सोडवावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा गोव्यात २००८ पासून आहे.

भाड्याने टिलर बोलावणाऱ्यांना

पुष्कळ घरांत टिलर ताशी भाड्याने येतो. चालकाला एका दिवसात चार शेते उरकायची असतात आणि आपणही घड्याळाकडे पाहत असतो. तपासणीची दहा मिनिटे आणि उतारावरचा सावकाशपणा यांचे पैसे कापून घेऊ नयेत. दोन पैसे वाचवण्यासाठी चालकाला घाई करायला लावणे हे न्यायाचे नव्हे. त्याच्याही घरी त्याची वाट पाहणारी माणसे आहेत.

नवीन टिलर घेणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी. यंत्र विकणाऱ्याकडून ते चालवून दाखवल्याशिवाय, आणि तेही उतारावर, ताब्यात घेऊ नये. ज्यांना वाचता येत नाही अशा चालकांना घरच्या मंडळींनी उतारासंबंधीचा भाग मोठ्याने वाचून दाखवावा.