कागदाने रोखलेले तारुण्य

कीटकाला हाडे नसतात. अंगावरचे कवच हाच त्याचा सांगाडा. आतला देह वाढतो, कवच वाढत नाही. म्हणून जुने फेडायचे, नवे ल्यायचे. यालाच कात टाकणे म्हणतात.

कात टाकण्याचा हुकूम छातीतल्या एका ग्रंथीतून निघतो. तिच्या संप्रेरकाचे नाव एक्डायसोन. १९५४ मध्ये जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्यांच्या सुमारे ५०० किलो कोषांतून ते वेगळे केले. हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम!

पण कात टाकल्यावर बाहेर कोण येणार, हे मेंदूमागच्या इवल्या ग्रंथीचे दुसरे संप्रेरक ठरवते. त्याला बाल-संप्रेरक म्हणू. ते अंगात आहे तोवर पिल्लातून पिल्लूच निघते, फक्त मोठे. ते ओसरले की प्रौढत्वाची वाट मोकळी होते. म्हणजे ‘लहानच राहा’ हे सांगणे थांबले, की कीटक मोठा होतो. मला यात फार नवल वाटते.

१९६४ च्या सुमारास कारेल स्लामा प्रागहून अमेरिकेत हार्वर्डला, कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. सोबत लाल-काळे ढेकूण होते. पिकांवर असतात तसे, घरातले नव्हेत. प्रागमध्ये पाचव्या बाल्यावस्थेनंतर ते बिनतक्रार प्रौढ होत. हार्वर्डमध्ये मात्र सहावी, कुणाला सातवीही बाल्यावस्था आली आणि प्रौढ न होताच ते मेले. सगळे तपासून झाल्यावर संशय आला तो भांड्यात अंथरलेल्या कागदी रुमालावर. मग वर्तमानपत्रांचेच तुकडे घालून पाहिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’वर ढेकूण पोरच राहिले, लंडनच्या ‘टाइम्स’वर सुखाने वाढले. (दोष बातम्यांचा नव्हता!) अमेरिकी कागदाच्या लगद्यात बाल्सम फर हे झाड होते आणि त्या झाडात बाल-संप्रेरकाची नक्कल करणारे द्रव्य. १९६६ मध्ये ते वेगळे केले गेले, नाव ज्युव्हाबायोन. आपल्या कपाशीवरचे तांबडे ढेकूण त्याच कुळातले, त्यांच्यावरही ते चालते.

अशाच नकलेचे कारखान्यात बनलेले मेथोप्रीन आज डासांच्या पाण्यात टाकतात. अळ्या कोषापर्यंत पोचतात, पण डास होऊन उडत नाहीत. पिके खाणाऱ्या अळीचे मात्र अवघड आहे. तिला लहान ठेवले तर ती आणखी खातच राहणार! रेशीम-उत्पादनात याच खादाडपणाचा फायदा घेतात. योग्य वेळी अगदी थोडी मात्रा दिली, की अळी जास्त काळ तुतीचा पाला खाते आणि कोष वजनदार भरतो.