अर्धं स्वादुपिंड दान केल्यावर दात्याचं पुढे काय होतं?

लिव्हरचा तुकडा दिला, तर उरलेलं लिव्हर काही महिन्यांत पुन्हा वाढतं. स्वादुपिंडाचं, म्हणजे पॅन्क्रियाजचं, तसं नाही. गेलं ते गेलं.

1979 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जिवंत दात्याच्या स्वादुपिंडाचा भाग मधुमेही रुग्णाला बसवण्यात आला. दाते बहुतेकदा घरचेच. सर्जन शेपटीकडचा भाग काढतात, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची दाटी नेमकी तिथेच जास्त! उरलेल्या पेशींवर ताण येतो. तिथल्याच 28 निरोगी दात्यांना वर्षभराने तपासलं, तेव्हा 7 जणांची ग्लुकोज टेस्ट बिघडलेली निघाली. हे 1990 मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे त्यांना लगेच डायबेटिस झाला असं नाही, पण शरीराची राखीव क्षमता घटली होती. खरा प्रश्न वजन वाढल्यावर येतो. 9 ते 18 वर्षांनी काही दात्यांना पुन्हा तपासलं, तर लठ्ठ झालेल्यांमध्ये डायबेटिस आढळला.

त्यामुळे हे दान आता क्वचितच होतं. वजन जास्त असेल किंवा गरोदरपणात शुगर वाढली असेल, तर दाता म्हणून नकारच मिळतो. टाइप 1 रुग्णाच्या सख्ख्या भावंडाची तपासणी तर आणखी कडक, कारण तोच आजार त्यालाही होऊ शकतो.