पडवीतली शिंदळ माकुडी

मंडणगडच्या पावसात घराच्या भिंतीसुद्धा ओल धरतात. अशा ठिकाणी कोरड्या कड्यावर वाढणारे झाड कुंडीत लावणे हा वेडेपणा, असे शेजारी म्हणाले होते. पहिल्या वर्षी त्यांचेच खरे ठरले.

हे झाड म्हणजे शिंदळ माकुडी. जुन्नरच्या शिवनेरीवर आढळते म्हणून काहीजण याला शिवसुमनही म्हणतात. जगात ही वनस्पती निसर्गतः फक्त आपल्या महाराष्ट्रात, तीही मोजक्या कड्याकपारींत वाढते. डालझेल या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ साली तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. माकडशिंगासारखे तिचे नातलग जवळजवळ बिनपानांचे. हिला मात्र पावसाळ्यात चांगली मांसल पाने फुटतात. पावसाच्या उत्तरार्धात पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीसारखी तांबडी-जांभळी फुले येतात.

आम्हाला एका स्नेह्यांनी त्यांच्या कुंडीतल्या झाडाची फांदी दिली होती. आम्ही ती शेणखताच्या काळ्या मातीत लावली आणि कुंडी पागोळ्यांखाली ठेवली. जुलैत खोड बुडापासून कुजले. वरचा बोटभर हिरवा तुकडा तेवढा वाचला.

तो तुकडा आम्ही सावलीत पाच-सहा दिवस सुकवला. छिद्रे असलेल्या मातीच्या कुंडीत निम्मी जांभ्याची बारीक खडी व वाळू, उरलेला पोयटा आणि मूठभर जुने शेणखत घातले. तुकडा उथळ रोवला. कुंडी पडवीत, सकाळचे ऊन लागेल पण पाऊस लागणार नाही अशी ठेवली. वरची माती पूर्ण सुकल्यावरच पाणी दिले. पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तेव्हा साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसून काढले.

उन्हाळ्यात पाने गळाली. घरात सर्वांना वाटले, झाड मेले. कुंडी रिकामी करायला निघालो, तोच खोडाला बोट लावून पाहिले. ते टणक होते. पाणी अगदी कमी केले व वाट पाहिली. पाऊस सुरू होताच कोंब फुटले.

वाचकांना एकच विनंती. गडावर गेलात तर हे झाड उपटून आणू नका. मुळात ते थोडेच उरले आहे. कुंडीतल्या झाडाची फांदी सहज रुजते. तीच एकमेकांना द्यावी. आम्हीही आता दोन फांद्या सुकत ठेवल्या आहेत. त्यातली एक त्याच शेजाऱ्यांसाठी आहे.