एकास पंचवीस

अमेरिकन मोटारींच्या इतिहासात १९४८ ते १९६४ हा असा कालखंड आहे, की त्या काळातील गाडी पाठमोरी असली तरी ओळखू येते. मागच्या चाकांवरून निघालेला पत्रा माशाच्या परासारखा वर उचललेला असतो आणि त्याच्या टोकाशी लाल दिवा असतो. हे पर प्रथम १९४८ च्या कॅडिलॅकवर आले. जनरल मोटर्सच्या रचना विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल आणि त्यांचे सहकारी यांनी ती कल्पना लॉकहीड पी-३८ या दुहेरी शेपटीच्या लढाऊ विमानावरून उचलली होती. १९५७ साली क्रायस्लरच्या व्हर्जिल एक्झनर यांनी आपल्या गाड्यांचे पर इतके उंचावले की सगळ्या कारखान्यांत चढाओढ लागली. १९५९ च्या कॅडिलॅकने तिचा कळस गाठला आणि १९६५ च्या कॅडिलॅकवर पर उरलेच नाहीत. गाडीच्या चालण्याशी त्यांचा संबंध नाममात्र होता; संबंध होता तो विक्रीशी आणि मिरवण्याशी.

सौदी अरेबियाच्या पूर्व प्रांतात नोकरी करणारे आम्ही काही जण गेली काही वर्षे याच गाड्यांच्या छोट्या प्रतिकृती जोडतो आहोत. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीतील दोन-तीन तास, जेवणाच्या टेबलावर अंथरलेले वर्तमानपत्र, एक चिमटा, एक धारदार पाते आणि प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेले शंभराच्या आसपास सुटे भाग, एवढाच आमचा कारखाना. दिवसभर पडद्यावरच्या अक्षरांत बुडालेल्या माणसाला हाताने घासता, कापता आणि चिकटवता येईल असे काहीतरी हवे असते. आमच्या आधीच्या पिढ्यांच्या वाट्याला हातांचे काम सक्तीने आले. आम्ही ते हौसेने निवडू शकतो. हा फरक लहान नाही, याची जाणीव आम्हाला आहे.

प्रतिकृतीचे प्रमाण बहुधा एकास पंचवीस असते. १९५९ च्या कॅडिलॅकची लांबी २२५ इंच, म्हणजे पावणेसहा मीटरला थोडी कमी. पंचविसाने भागल्यावर ती सुमारे २२९ मिलिमीटर होते. १९५७ ची शेव्हरले बेल एअर २०० इंचांची. तिची प्रतिकृती २०३ मिलिमीटरची. या प्रमाणात खऱ्या गाडीवरची एक सेंटिमीटर रुंदीची चकचकीत पट्टी ०.४ मिलिमीटर उरते. ती पट्टी सरळ बसली की गाडी खरी वाटते. वाकडी बसली की खेळणे वाटते.

या छंदाचा उगमही विक्रीतच आहे. अमेरिकेत नवी गाडी बाजारात आली की विक्रेते तिची छोटी प्रतिकृती, खऱ्या गाडीच्याच रंगात, गिऱ्हाइकांना देत आणि ती घरातल्या मुलांच्या हाती जाई. एएमटी आणि जो-हान ही या व्यवसायातील ठळक नावे. एएमटीने १९५८ पासून सुट्या भागांचे संच विकायला सुरुवात केली. सुरुवातीच्या तयार प्रतिकृती सेल्युलोज ॲसिटेटच्या होत्या. ते प्लास्टिक काळाबरोबर आक्रसते आणि पिळवटते. म्हणून त्या काळातील अनेक प्रतिकृतींचे छप्पर आज खचलेले आणि पर मुरडलेले दिसतात. पुढे पॉलिस्टायरीन आले आणि हा दोष गेला. तरी येथील उन्हाळ्यात बंद मोटारीच्या काचेमागे प्रतिकृती ठेवू नये. पातळ भागांना ती भट्टी सोसत नाही.

सौदीतील हवा या कामाची खरी परीक्षक आहे. किनाऱ्यालगत दम्माम-खोबरमध्ये उन्हाळी रात्री दमट असतात. अशा वेळी लॅकर फवारला तर तो सुकताना हवेतील बाष्प पृष्ठभागावर धरतो आणि रंगावर दुधी पडदा येतो. शमाल वारा सुटला की खिडकी बंद असूनही बारीक धूळ आत येते आणि ओल्या रंगावर बसते. म्हणून आम्ही रंगकाम वातानुकूलन बराच वेळ चालू असलेल्या खोलीत, हवा बाहेर फेकणारा पंखा लावून करतो आणि रंगवलेले कवच लगेच झाकणाच्या डब्यात ठेवतो. ज्वालाग्राही रंग विमानाने मागवण्यावर निर्बंध असतात, त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग स्वीकारले आहेत. चकाकी थोडी कमी येते. बारीक पॉलिश कागदाने पाण्यात घासून ती वाढवावी लागते.

परांच्या गाडीची जान तिच्या चकचकीत पट्ट्यांत असते. त्यासाठी रुपेरी रंग पुरत नाही. मागे चिकट असलेला अतिशय पातळ धातूचा वर्ख मिळतो. तो पट्टीवर पसरायचा, लाकडी दातकोरणीने कडांशी दाबायचा आणि नव्या पात्याने कडेकडेने कापायचा. पाते जुने असेल तर वर्ख फाटतो. गाडीच्या नावाची उठावदार अक्षरे आणखी नाजूक. तेथे क्रम उलटा असतो: रंगकामाआधीच अक्षरांवर वर्ख लावायचा, त्यावरून संपूर्ण गाडी रंगवायची आणि मग पातळकात किंचित भिजवलेल्या कापडाने फक्त अक्षरांचे माथे पुसायचे. रंग निघतो, खालची धातू उघडी होते आणि तांदळाएवढ्या जागेत नाव वाचता येते. बेल एअरच्या डाव्या पराच्या चकचकीत पट्टीमागे पेट्रोल भरण्याचे झाकण दडवलेले होते. त्या सांध्याची केसाएवढी रेघ पातळ काळ्या रंगाने दाखवली, की जाणकार पाहणारा तेथेच थांबतो.

पेट्रोलचा उल्लेख आला, आणि येथूनच आमच्या छंदाला वेगळे वळण मिळाले. १९३३ साली सौदी राजाने अमेरिकन कंपनीला तेलशोधाचा परवाना दिला. १९३८ साली दम्मामच्या सातव्या विहिरीतून व्यापारी प्रमाणात तेल लागले. १९४४ पासून कंपनीचे नाव अरामको झाले. डेट्रॉईटमधील परांची चढाओढ आणि धहरानमधील वाढते उत्पादन हे एकाच काळाचे दोन पैलू. स्वस्त इंधनावाचून पावणेसहा मीटर लांबीची गाडी कोणी चालवली नसती.

एका सदस्याच्या शाळकरी मुलीने तयार कॅडिलॅक पाहून विचारले, ‘ही कोणाची गाडी?’ तिला मालकाचे नाव हवे होते. आम्ही मात्र त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत शोधू लागलो. त्या काळच्या धहरानमध्ये वस्त्यांचीही उतरंड होती. अमेरिकनांच्या वस्तीत हिरवळ, शाळा आणि पोहण्याचा तलाव होता. भारतीय, पाकिस्तानी आदी कर्मचाऱ्यांसाठी वेगळी मधली वस्ती होती. सौदी कामगारांची वस्ती आणखी निराळी, सर्वांत हलाखीची. रॉबर्ट व्हिटालिस यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची मुळे अमेरिकेतील वर्णभेदी प्रथेत दाखवली आहेत. १९५३ साली हजारो सौदी कामगारांनी संप केला. १९५६ साली पुन्हा केला. आम्ही ज्या चकाकीची नक्कल करत होतो, तिच्या सावलीत हे सारे घडत होते.

खुद्द अमेरिकेतही तेच. १९३६ ते १९६६ या काळात कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी ‘ग्रीन बुक’ निघत असे, कारण कोणत्या गावात जेवण आणि निवारा मिळेल हे त्यांना आधी ठाऊक असणे भाग होते. डिसेंबर १९५५ पासून मॉन्टगोमेरीच्या कृष्णवर्णीय जनतेने ३८१ दिवस शहरबसवर बहिष्कार घातला. लोक पायी चालले, आणि ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनी त्या सर्वांसाठी रस्त्यावर आणल्या. मिरवण्यासाठी घडवलेल्या गाड्यांनी तेथे अपमानातून सुटकेची वाट दिली.

वाहन आणि माणसाचा मान यांचे नाते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. मसूर स्थानकावर उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि त्याच्या भावंडांना गाडीवानाने जात कळताच नकार दिला. दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकून त्यांना जावे लागले. पुढे १९२९ साली चाळीसगावात टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना नेण्याचे नाकारले, म्हणून टांगा हाकण्याची सवय नसलेला माणूस पुढे बसला आणि अपघातात बाबासाहेब जखमी झाले. दोन्ही प्रसंग त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवले आहेत. गाडीत कोण बसले एवढे पुरत नाही. कोणाला बसू दिले नाही, हेही गाडीच्या इतिहासात येते.

म्हणून आमच्या पुढच्या कामात आम्ही एक बदल ठरवला. कॅडिलॅक एकटी काचेच्या पेटीत ठेवायची नाही. तिच्याशेजारी, त्याच एकास पंचवीस प्रमाणात, खजुराच्या झावळ्यांची झोपडी, पाण्याचे पिंप आणि कामावर निघालेली माणसे येतील. झावळ्यांसाठी ज्यूटचे धागे चहाच्या पाण्यात बुडवून वाळवले आहेत. माणसांची उंची ६८ मिलिमीटर धरली आहे. आमच्यातील काहींचा याला विरोध होता. छंदात इतिहासाचे ओझे कशाला, हा त्यांचा प्रश्न अप्रामाणिक नव्हता. पण तपशील अचूक हवा असा आग्रह आपणच धरतो. पेट्रोलच्या झाकणाची रेघ चुकू नये म्हणून डोळे शिणवणाऱ्याने रस्त्याकडेचा माणूस वगळला, तर ती प्रतिकृती अपुरी आहे, एवढे उत्तर त्यांना पटले.

दुसरे काम मुंबईचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जात. १९६४ मध्ये तेथून फियाट ११०० डिलाइट आली, तीच पुढची पद्मिनी. तिच्या मागच्या कोपऱ्यांकडे नीट पाहा: डेट्रॉईटचे ते पर तेथे आहेत, फक्त संकोचलेले, बोटभर उंचीचे. काळ्या-पिवळ्या रंगात हीच गाडी टॅक्सी म्हणून साठ वर्षांच्या आसपास मुंबईत धावली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. गावाहून आलेल्या, चाळीत आणि झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसाने आजारी आईला रुग्णालयात नेले ते हिच्यातून. हात केला की थांबावी आणि मीटरप्रमाणे पैसे घ्यावेत, एवढाच तिचा करार होता. मसूर आणि चाळीसगाव आठवणाऱ्याला त्या कराराची किंमत कळते.

ही पद्मिनी आम्ही स्टायरीनच्या पातळ पत्र्यांतून हाताने उभी करतो आहोत. मापे छायाचित्रांवरून काढली आहेत. रंगाचा क्रम ठरला आहे: आधी सर्व गाडीला पिवळा, मग छपरावर चिकटपट्टी लावून खाली काळा, कारण काळ्यावर पिवळा झाकत नाही. पर अजून जमलेले नाहीत. दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत ते पुन्हा कापावे लागणार. ज्या वाचकांकडे जुन्या टॅक्सीची मागच्या बाजूने घेतलेली छायाचित्रे असतील, त्यांनी ती अवश्य पाठवावीत; आणि ज्यांना हात लावून पाहायचे असेल त्यांनी मुलांना घेऊन शुक्रवारी यावे. घासायला बरेच बाकी आहे.