इंग्रजीतील 'रन' या शब्दाची अनेकार्थता आणि मराठी प्रतिशब्दांचा प्रश्न

प्रस्तावना :
भाषेतील जे शब्द अतिपरिचयाचे असतात, त्यांचाच अर्थ सांगणे पुष्कळदा अवघड जाते. इंग्रजीतील 'रन' हा शब्द याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासून शिकविला जाऊ लागला. 'रन म्हणजे धावणे' हे समीकरण विद्यार्थ्याच्या मनात अगदी लहान वयातच पक्के होते आणि पुढे पदवीच्या वर्गातही तेच त्याची वाट अडविते. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९ मधील वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद 'सेट' या शब्दाची होती. २०११ मध्ये सुधारलेल्या नोंदीत 'रन'ने हा मान पटकाविला. केवळ क्रियापद म्हणून या शब्दाचे ६४५ अर्थ तेथे नोंदविले गेले. ही नोंद तयार करणारे कोशकार पीटर गिलिव्हर यांना त्यासाठी नऊ महिने लागले.

अनेकार्थतेचे स्वरूप :
फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली एकाच शब्दातून परस्परसंबद्ध अर्थ फुटण्याच्या या प्रक्रियेसाठी 'पॉलिसेमी' ही संज्ञा रूढ केली. समोच्चारी शब्दांपासून ती वेगळी मानावी लागते. वटवाघूळ या अर्थाचा 'बॅट' आणि चेंडू टोलविण्याची 'बॅट' हे मुळात दोन भिन्न शब्द असून त्यांचा उच्चार योगायोगाने सारखा झाला आहे. 'रन'चे तसे नाही. त्याचे शेकडो अर्थ एकाच बुंध्याच्या फांद्या आहेत.

हा बुंधा कोणता, हा खरा प्रश्न आहे. सामान्यतः 'पायांनी वेगाने जाणे' हा मूळ अर्थ आणि नदीचे, रक्ताचे वा नाकाचे 'रन' होणे हे त्यावरील रूपक, असे मानले जाते. शब्दाचा इतिहास मात्र याला पुरता दुजोरा देत नाही. पाणी वाहणे हा अर्थ प्राचीन इंग्रजीतही आढळतो. जर्मन भाषेत आजही 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे ओघळणे, वाहणे अशी दोन सगोत्र क्रियापदे आहेत. इंग्रजीत ती एकाच रूपात मिसळून गेली. तेव्हा 'रन'च्या गाभ्याशी पायांपेक्षा अखंड गती आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरते. यंत्र सुरू असते, नाटकाचे प्रयोग होत राहतात, एखादा आजार घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, संगणकावर प्रणाली कार्यरत होते. या सर्व ठिकाणी पाय नाहीत, सातत्य आहे.

मराठीतील स्थिती :
या दृष्टीने पाहता मराठीचा व्यवहार लक्षणीय वाटतो. इंग्रजी जेथे 'रन' वापरते, तेथे मराठी बहुधा धावत नाही, चालते. घड्याळ चालते, दुकान चालते, नाटक शंभर प्रयोग चालते, संस्था चालविली जाते. पाणी आणि नाक मात्र वाहते, कपड्याचा रंग जातो आणि साखर संपते. इंग्रजीने एका क्रियापदावर टाकलेला भार मराठीने अनेकांत वाटून दिला आहे. निवडणुकीच्या बाबतीत तर गंमतच आहे. अमेरिकेतील उमेदवार 'रन' करतो, ब्रिटनमधील 'स्टँड' करतो. मराठी उमेदवार ब्रिटिशांप्रमाणे उभा राहतो आणि त्याच वेळी निवडणूक लढवितोही.

अर्थात 'धाव' हा शब्दही एकार्थी नाही. बैलगाडीच्या चाकावर चढविलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून जातात तीही धावच. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असते तेव्हा धाव म्हणजे मजल. आणि अन्यायग्रस्त मनुष्य न्यायालयात धाव घेतो तेव्हा ती आश्रयासाठी असते. क्रिकेटच्या मराठी समालोचनातून 'धाव', 'धावसंख्या', 'धावचीत' हे शब्द घरोघरी पोचले, त्यात बाळ ज. पंडित यांचा वाटा मोठा आहे. चौकार जाताच फलंदाज जागच्या जागी उभा राहिला तरी चार धावा मोजल्या जातात, हे आता कोणालाही खटकत नाही. 'धावपट्टी' आणि 'धावते वर्णन' हे शब्दही असेच इंग्रजीच्या सावलीत घडले आणि रुळले. म्हणजे शब्दशः भाषांतर सर्वत्र त्याज्य ठरते असे नाही. मराठीतील 'धाव' तो अर्थ पेलू शकते की नाही, एवढेच पाहावे लागते.

जेथे ती पेलू शकत नाही, तेथे हानी होते. ठेवीदार एकाच वेळी ठेवी काढून घेण्यास येतात, त्यास इंग्रजीत बँकेवरील 'रन' म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉर्दर्न रॉक या बँकेबाबत असे घडले. लोक तेथे रांगेत उभे होते, धावत नव्हते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने येथे 'धावणे' हा अर्थ घेतला, तर भीतीपोटी एकदम पैसे काढून घेणे ही संकल्पनाच त्याच्या हातून निसटते.

कायद्याच्या क्षेत्रात तर प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुसूचीतील एका स्तंभात मुदत केव्हापासून 'रन' होऊ लागते ते दिलेले आहे. येथे 'रन' म्हणजे मुदत मोजण्यास प्रारंभ होणे. उसनवार दिलेल्या रकमेच्या वसुलीच्या दाव्यास सामान्यतः रक्कम दिल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे आणि एकदा सुरू झालेली मुदत नंतर उद्भवलेल्या असमर्थतेमुळे थांबत नाही. 'काळ धावू लागतो' असे भाषांतर वाचणाऱ्या पक्षकारास काळ झपाट्याने जात असल्याचे कळेल. पण तो कोणत्या दिवसापासून मोजावयाचा आहे, हे कळणार नाही. दावा मुदतबाह्य ठरतो तो त्या दिवसाच्या हिशेबाने.