शिकवा, आणि पुन्हा दारात या

डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. पक्षाघात झालेल्या सत्तर किलोंच्या माणसाला पलंगावरून खुर्चीत कसे घ्यायचे, हे मात्र त्यावर नसते. निघताना सिस्टर घाईघाईत दोन गोष्टी सांगते, "दर दोन तासांनी कूस बदला, नळीतून देताना डोकं वर ठेवा," आणि अँब्युलन्स घराकडे निघते. तिथून पुढे बायको, सून, लेक किंवा मुलगा यांनाच नर्सही व्हायचे असते आणि वॉर्डबॉयही. ज्यांना परवडते ते घरी मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला फोन लावतात. "बारा तासांची हवी की चोवीस तासांची? पेशंट चालता आहे का? डायपर आहे का?" तीन प्रश्नांत व्यवहार ठरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक मावशी दारात उभी राहते. घरच्यांना वाटते, हिला सगळे येत असणार. मावशीला वाटते, घरचे सांगतील तसे करू.

हे चित्र किती घरांत असेल? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार, 15 ते 59 वयोगटातील 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची काळजी घेण्यात रोज सरासरी 140 मिनिटे घालवतात. पुरुषांपैकी हे काम करतात ते 21.4 टक्के, आणि त्यांची सरासरी 74 मिनिटे. यात मुलांचे संगोपनही आले. पण मूल दरवर्षी थोडे सुटे होत जाते, तर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे अवलंबन दरवर्षी वाढते. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्यातले बहुतेक सगळे घरीच असतात.

जुने लुगडे आणि दोन माणसे

काळजी म्हणजे माया, ती काय शिकवायची, असे आपण धरून चालतो. एक साधे काम घेऊ: पेशंटला पलंगावर वर सरकवणे. घरोघरी हे काखेत हात घालून, ओढून केले जाते. त्यात दोन धोके आहेत. पक्षाघाताच्या बाजूचा खांदा आधीच सैल झालेला असतो, तो ओढल्याने सांध्यातून सरकतो. शिवाय माकडहाडावरची त्वचा चादरीशी घासते आणि तिथूनच बेडसोअरची सुरुवात होते. खरी पद्धत अशी: जुन्या लुगड्याची चौपदरी घडी खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी पेशंटखाली घालायची. दोन्ही बाजूंना एकेक माणूस. कडा अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरायच्या, गुडघे वाकवायचे, एक-दोन-तीन म्हणून किंचित उचलायचे आणि मग सरकवायचे. रोज पाठ बघायची. लाल डाग बोटाने दाबल्यावर फिका पडत नसेल, तर त्या जागेवर भार द्यायचा नाही आणि त्याच दिवशी नर्सला विचारायचे.

नाकातल्या नळीचेही तसेच. नळीतून भरवताना डोक्याची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी आणि भरवून झाल्यावरही किमान अर्धा तास तशीच हवी. नाही तर पेज फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. यातल्या कशालाही पदवी लागत नाही. पण नुसते ऐकून किंवा मोबाइलवर पाहूनही ते जमत नाही. जाणत्या माणसाने शेजारी उभे राहून दोन-चार वेळा करून घ्यावे लागते.

गोव्याने काय करून पाहिले

जगातले स्मृतिभ्रंशाचे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि त्यावरचे 10 टक्क्यांहूनही कमी संशोधन तिथे. या विषमतेवरूनच '10/66' या आंतरराष्ट्रीय संशोधन गटाने आपले नाव घेतले. त्याच्या कामाचे एक ठिकाण गोवा. तिथल्या 2001 च्या अभ्यासात डॉ. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांना आढळले, की वयामुळे येणारा विसराळूपणा म्हणून लोक स्मृतिभ्रंश सोडून देतात, त्याला आजार मानत नाहीत.

पुढे डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 'संगत' या संस्थेच्या माध्यमातून तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत एक प्रयोग केला. 81 कुटुंबे घेतली. 41 घरांना लगेच मदत, 40 घरांना सहा महिन्यांनी. मदत करणारे डॉक्टर नव्हते. कोंकणी येणारे, साधारण बारावीपर्यंत शिकलेले, या कामाची ओढ असलेले 'गृह-सल्लागार' होते. त्यांना आठवडाभराचे कसून प्रशिक्षण दिले होते: ऐकायचे कसे, आजार समजावायचा कसा, ताण कसा हाताळायचा. मागे मानसोपचारतज्ज्ञांचा आधार होता. हे सल्लागार सहा महिने, निदान पंधरवड्याला एकदा, घरी जात. आंघोळ-शौचाच्या अडचणींवर वाट सुचवत, ज्येष्ठांसाठीच्या सरकारी योजनांची माहिती देत, अशाच दुसऱ्या घरांशी गाठ घालून देत, वर्तन फारच बिघडले तर डॉक्टरांकडे पाठवत.

निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, रुग्णाच्या वागण्याने होणारा त्रास कमी झाला. रुग्णाच्या कार्यक्षमतेत मात्र ठाम म्हणावा असा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, त्या काळात 18 रुग्ण दगावले. तरी मुद्दा पक्का आहे: आजार हटत नसतानाही सांभाळणाऱ्याचे ओझे हलके करता येते, आणि त्यासाठी नियमित दारात येणारा जाणकार माणूस पुरतो.

याच्या शेजारी दुसरा प्रयोग ठेवायला हवा. 'अटेंड' ही चाचणी भारतातल्या 14 रुग्णालयांत पक्षाघाताच्या 1250 रुग्णांवर झाली. घरच्यांनाच पुनर्वसनाचे व्यायाम शिकवले, तर रुग्ण लवकर स्वावलंबी होतो का, हा प्रश्न होता. 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये उत्तर आले: सहा महिन्यांनी, घरच्यांना शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या अशा दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबन सारखेच, 47 टक्के. फिजिओथेरपिस्टची कमतरता सुनेला व्यायाम शिकवून भरून निघत नाही. प्रशिक्षणाच्या नावाखाली व्यवस्थेचे काम घरावर ढकलायचे असेल, तर ते सरळ नाकारावे.

मावशींचा हिशेब

नर्सची नोंदणी परिचर्या परिषदेकडे असते. मावशीची तशी नोंद नसते. केंद्राच्या कौशल्य-अभ्यासक्रमांत 'जनरल ड्यूटी असिस्टंट', 'होम हेल्थ एड' ही कामे आहेत. पण जिच्या पगारातून ब्युरोचे कमिशन कापले जाते आणि सुट्टी घेतली की 'बदली' पाठवली जाते, ती पंचेचाळिशीतली बाई रोजंदारी बुडवून वर्गात कशी बसणार? 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करून घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांना नियमांखाली आणण्याचे विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर झाले नाही. घरातही मावशीची अवस्था विचित्र असते. चोवीस तासांच्या मावशीला रात्री चार वेळा उठवायचे आणि सकाळी तिला डुलकी लागली की ब्युरोकडे तक्रार करायची. सहा तासांची सलग झोप हा पेशंटच्या सुरक्षिततेचाच भाग आहे, हे पुण्यातल्या आईसाठी अमेरिकेतून पैसे पाठवणाऱ्या मुलानेही समजून घ्यायला हवे.

आपल्याकडे काहीच नाही असे नाही. पुण्यात वारज्याला 1997 पासून चालणाऱ्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते आणि शुश्रूषा शिकते. पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्ण आणि त्यांचे शुभंकर, म्हणजे त्यांना सांभाळणारे, एकत्र येतात. पत्नीचा आजार जवळून पाहिलेले, कॅलगरीत संख्याशास्त्र शिकवलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात उभारलेल्या 'सा' या संस्थेने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांना बोलायला जागा दिली. पण ही बेटे आहेत. केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचे धोरण आखले आणि तिथे पंचायतींच्या परिचारिका घरोघरी जातात. फरक पैशापेक्षा रचनेचा आहे.

महाराष्ट्राने तीन गोष्टी कराव्यात. डिस्चार्जपूर्वी घरच्या एका माणसाकडून उचलणे, कूस बदलणे, भरवणे प्रत्यक्ष करून घेतल्याशिवाय कार्डावर सही होऊ नये. प्रत्येक तालुक्यात गोव्यासारखे गृह-सल्लागार वेगळ्या मानधनावर नेमावेत. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक वही लादू नये. आणि काम करणाऱ्या मावशींना भरपगारी प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र व साप्ताहिक सुट्टी ब्युरोवर बंधनकारक करावी.

वाचकांनाही एक विनंती. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 आज फोनमध्ये साठवून ठेवा. आणि या दिवाळीत ज्या नातेवाइकांकडे कुणी अंथरुणाला खिळलेले आहे, तिथे फराळाचा डबा देऊन लगेच निघू नका. चार तास थांबा, पेशंटजवळ बसा आणि सांभाळणाऱ्या बाईला बाहेर पाठवा.