चिचुंद्री आणि दयाळ

पहाटे दयाळ गाऊ लागला की आपण खिडकी उघडतो आणि रात्री चिचुंद्री चिकचिकली की केरसुणी शोधतो. खरे तर दोघेही आपल्या घराच्या आसऱ्याने राहणारे, दोघेही मुख्यतः किडे खाणारे. मग एकाचे कौतुक आणि दुसरीचा तिरस्कार का?

चिचुंद्रीला आपण उंदीर समजतो. पण उंदराचे किंवा खारीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून त्यांना सतत कुरतडावे लागते. चिचुंद्रीचे दात बारीक आणि अणकुचीदार, झुरळे फोडण्याजोगे. म्हणून शास्त्रज्ञ तिला वेगळ्या गणात ठेवतात. गंमत म्हणजे लिनियसने १७६६ साली तिला दिलेल्या शास्त्रीय नावातही ‘उंदरासारखी’ असाच शब्द आहे!

दयाळाचा पत्ताही बदलत गेला. लिनियसने १७५८ साली त्याला मैनेशेजारी बसवले. पुढे तो कस्तुरांच्या कुळात गेला आणि जनुकांच्या अभ्यासानंतर माशीमारांच्या कुळात आला. गाणाऱ्या पक्ष्यांचा गट मात्र पक्का राहिला, कारण तो गोडव्यावर ठरत नाही, शरीराच्या आणि स्वरयंत्राच्या रचनेवर ठरतो. त्या हिशेबाने कावळा गाणारा पक्षी आहे आणि कोकीळ नाही. आम्हा कवींची इथे पंचाईतच होते.

जागतिक यादीत हे दोघेही आज धोक्याबाहेर आहेत. पण तेवढ्याने निर्धास्त होऊ नये. सिंगापुरात एकेकाळी दयाळ सर्रास दिसे. पिंजऱ्यासाठी झालेल्या पकडीमुळे, इतर कारणांबरोबर, १९८० च्या सुमारास तो तिथे जवळजवळ दिसेनासा झाला. गाणेच त्याच्या जिवावर उठले. चिचुंद्रीच्या अंदमान-निकोबारमधील तीन बहिणी तर अतिसंकटग्रस्त आहेत. त्यांची नावे किती जणांना ठाऊक असतील?

आपल्याकडे रानपक्षी पकडणे गुन्हा आहे, म्हणून दयाळाला कायद्याचा आधार आहे. चिचुंद्री मात्र उंदरांसाठी ठेवलेल्या विषाने फुकट मरते. लांब निमुळते तोंड, बारीक डोळे आणि उग्र वास ही तिची खूण. विष ठेवण्यापूर्वी एवढे पाहावे. आणि दयाळासाठी जुन्या झाडाची ढोली राहू द्यावी. तो घरटे तिथेही करतो.